कारपेंटर किंवा कॅबिनेट मेकर व्हायचंय? आयटीआय, अप्रेंटिसशिप आणि मोबाईलवर नेमकं काय शिकता येतं, सगळी माहिती

रील्समध्ये एक माणूस प्लायवूडची शीट मशीनवर ठेवतो, बटण दाबतो आणि पंधरा सेकंदांत वॉर्डरोब उभा राहतो. अशा व्हिडिओच्या खाली मराठीत एक कमेंट हमखास असते, "भाऊ, हे कुठे शिकायचं?" उत्तरात मात्र कोणीतरी व्हॉट्सॲप नंबर टाकतो, कोणी ऑनलाईन कोर्सची लिंक देतो, आणि सरकारी आयटीआयमध्ये हाच ट्रेड वर्षभर शिकवला जातो हे फार थोडे जण सांगतात.

म्हणून आज आपण हा विषय नीट बघूया. माझं मत आधीच सांगून टाकतो. लाकूडकामाचं कुठलंही प्रशिक्षण निवडताना एकच गोष्ट मोजायची: जाणकार माणसाच्या नजरेखाली, तुमच्या स्वतःच्या हातात हत्यार असलेले किती तास मिळणार? सर्टिफिकेट, ॲप, सीएनसी मशीन, प्लेसमेंटचं आश्वासन, हे सगळं त्यानंतर.

## सुतार, कारपेंटर, कॅबिनेट मेकर: फरक काय?

आपल्याकडे सगळ्यांना सरसकट "कारपेंटर" म्हणतात. पण काम वेगवेगळं आहे. वर्ल्डस्किल्स नावाची जी आंतरराष्ट्रीय कौशल्य स्पर्धा होते, तिथे कारपेंट्री, जॉइनरी आणि कॅबिनेट मेकिंग असे तीन वेगळे गट असतात. ढोबळमानाने सांगायचं तर इमारतीचा लाकडी सांगाडा, छप्पर हे कारपेंट्रीत येतं. दारं, खिडक्या, चौकटी, जिने हे जॉइनरी. आणि कपाट, ड्रॉवर, टेबल, किचनचे बॉक्स म्हणजे कॅबिनेट मेकिंग.

शहरात आज ज्याला "फर्निचरचं काम" म्हणतात ते बहुतेक तिसऱ्या प्रकारात मोडतं. त्यात सागवानापेक्षा प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड जास्त हाताळावे लागतात. रंधा आणि पटाशी लागते, पण त्याहून जास्त लागतं ते गणित. हे गणित किती कठीण आहे? सातवीपर्यंतचं. पण ते न चुकता, प्रत्येक बॉक्सला करावं लागतं.

## एका साध्या बॉक्सचं गणित

समजा किचनचा खालचा बॉक्स बनवायचा आहे. रुंदी ६०० मिमी, उंची ७२०, खोली ५६०. बोर्ड १८ मिमीचा, दोन्ही बाजूंनी आधीच लॅमिनेट असलेला. दोन उभ्या बाजू ७२० बाय ५६०. तळाची फळी या दोन बाजूंच्या मध्ये बसते, म्हणून तिची लांबी ६०० नाही. दोन्ही बाजूंची जाडी वजा करायची: ६०० वजा ३६, म्हणजे ५६४ मिमी. ड्रॉवरला बॉल बेअरिंगचं टेलिस्कोपिक चॅनेल लावलं तर त्याला एकेका बाजूला साधारण १३ मिमी जागा लागते, म्हणून ड्रॉवरच्या बॉक्सची बाहेरची रुंदी ५६४ वजा २६, म्हणजे ५३८. आधी चॅनेल विकत घ्यायचं, मोजायचं आणि मगच ड्रॉवर कापायचा, असं अनुभवी लोक का सांगतात ते इथे कळतं.

आता खरी गंमत बघा. दुकानातून आणलेलं "१८ मिमी" प्लाय व्हर्नियरने मोजलं आणि ते १७.२ निघालं. तळाची फळी ५६४ चीच कापली, तर बॉक्सची बाहेरची रुंदी ५६४ अधिक ३४.४, म्हणजे ५९८.४ मिमी होते. फरक फक्त १.६ मिमी! पण असे पाच बॉक्स एका रांगेत लावले की ८ मिमीची फट भिंतीपाशी उघडी पडते. उलट बाजूने, साध्या १८ मिमी प्लायला आपण स्वतः दोन्ही बाजूंनी १ मिमीचा सनमायका चिकटवला तर जाडी २० होते आणि तळाची फळी ५६० ची लागते. ५६४ ची कापून ठेवली असेल तर प्रत्येक बॉक्स ६०४ चा होणार, आणि पाच बॉक्स मिळून २० मिमी जास्त. भिंत मागे सरकत नाही.

अजून एक हिशेब. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. चार फुटांतून ३०५ मिमीच्या चार पट्ट्या निघतील असं कॅल्क्युलेटर सांगतो. निघत नाहीत. कारण सॉचं ब्लेड प्रत्येक कटमध्ये साधारण ३ मिमी लाकडाचा भुसा करतं. तीन कटचे ९ मिमी गेले की उरतात १२११, आणि पट्टी येते ३०२.७५ ची. ब्लेडच्या या जाडीला कर्फ म्हणतात.

शिवाय मापांच्या भाषा दोन. मॉड्युलर कंपनी मिलिमीटरमध्ये बोलते. साइटवरचे मिस्त्री अजूनही इंच आणि सुतात बोलतात. एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत म्हणजे तीन मिमीहून थोडं जास्त. नवीन मुलाला दोन्ही यायला हव्यात, नाहीतर "दोन सूत कमी घे" म्हटल्यावर तो ६ मिमीऐवजी २ मिमी कापतो.

हे मी इतकं सविस्तर का सांगतोय? कारण व्हिडिओ बघताना हे सगळं समजल्यासारखं वाटतं. समजणं आणि हाताला सवय लागणं यात काही महिन्यांचं अंतर आहे. ते अंतर कुठे भरून निघेल, हे आता बघू.

## आयटीआयमधला ट्रेड

यादीत "कारपेंटर" किंवा "वूड वर्क टेक्निशियन" अशा नावाने शोधा. महाराष्ट्राच्या प्रवेश पोर्टलवर ट्रेडसाठी "व्यवसाय" हा शब्द वापरतात, त्यामुळे "व्यवसाय निवडा" असं दिसलं तर दुकान टाकायला सांगतायत असं समजू नका.

हा एक वर्षाचा कोर्स आहे. केंद्र सरकारच्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेत एक वर्षाच्या ट्रेडसाठी साधारण १२०० तास धरलेले आहेत. त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास थिअरीचे आणि १२० तास एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स, म्हणजे बोलणं, संगणक, अर्ज लिहिणं वगैरे. सुरुवातीला मी म्हटलं ना, हातात हत्यार असलेले तास मोजा? इथे ते ८४० आहेत. तीन दिवसांच्या वीकेंड वर्कशॉपमध्ये ते वीस-पंचवीस असतात.

पहिले काही आठवडे कंटाळवाणे जातात हे खरं आहे. करवत सरळ चालवणं, रंधा मारून पृष्ठभाग सपाट करणं, गुण्या लावून काटकोन तपासणं, पटाशीला धार लावणं. मुलांना वाटतं, आता सगळीकडे मशीन आहे, मग हे कशाला? पण धार म्हणजे काय हे पटाशीवर कळलं की मशीनचं ब्लेड बोथट झालंय हे आवाजावरून ओळखता येतं. त्यानंतर सांधे येतात: हाफ लॅप, मॉर्टाइज-टेनन (एका लाकडात चौकोनी भोक आणि दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारी जीभ), डोव्हटेल. मग पोर्टेबल मशीन, बँड सॉ, सर्क्युलर सॉ, लेथ, आणि शेवटी फर्निचर, दारं-खिडक्या, पॉलिश.

वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय परीक्षा असते. थिअरीचा पेपर कॉम्प्युटरवर होतो, प्रात्यक्षिक कार्यशाळेत. पास झालं की नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे एनटीसी मिळतं. सरकारी भरतीत आणि परदेशी अर्जात सहसा हेच मागतात.

शिक्षणाची अट? देशपातळीवरच्या अभ्यासक्रमात या ट्रेडसाठी आठवी पास पुरते, किमान वय १४ वर्षं. महाराष्ट्रात त्या-त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत अट कशी लिहिली आहे ते वाचूनच फॉर्म भरा. तरीही माझा आग्रह आहे की दहावी पूर्ण करा. त्याचं कारण पुढे पासपोर्टच्या मुद्द्यात येईल.

सगळ्या आयटीआय सारख्या नसतात. काही ठिकाणी मशीन झाकून ठेवलेली असतात आणि लाकूड मोजून मिळतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. कार्यशाळेत भुसा दिसतो का ते बघा. खरंच सांगतो, जमिनीवर ताजा भुसा पडलेला असेल तर काम चालू आहे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या मुलाला विचारा, "आतापर्यंत काय बनवलंस?" प्रॉस्पेक्टसपेक्षा हे उत्तर जास्त खरं असतं.

## अप्रेंटिसशिप: बरेच जण इथे घाई करतात

आयटीआय संपली की मुलं थेट कुठल्यातरी कॉन्ट्रॅक्टरकडे रोजंदारीवर लागतात. पैसे लगेच हातात येतात, समजू शकतो. पण त्या मुलाकडे बहुतेक वेळा एकच काम येतं. शीट उचल, सनमायका घास, फेव्हिकॉल लाव. दोन वर्षांनीही तो तेच करत असतो.

अप्रेंटिसशिप कायदा १९६१ चा आहे. त्याखाली कंपनी आणि तुमच्यात ऑनलाईन करार होतो, ट्रेनिंगचा कालावधी ठरलेला असतो आणि दर महिन्याला स्टायपेंड मिळतो. २०१९ च्या नियमांत आयटीआय सर्टिफिकेट असलेल्याला दरमहा किमान ७,००० रुपये ठरवले होते. ही रक्कम वाढवण्याची शिफारस २०२५ मध्ये झाली आहे, त्यामुळे करार करताना पोर्टलवर त्या दिवशी दिसणारा आकडा बघा. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार उचलतं.

सात हजारांत पुण्या-मुंबईत राहणं कठीण आहे, हे मला मान्य आहे. घरापासून जवळची फॅक्टरी मिळाली तरच हे गणित जमतं. पण मोठ्या फर्निचर फॅक्टरीत जे दिसतं ते साइटवर दिसत नाही: पॅनेल सॉ, एज बँडर, मल्टी बोरिंग मशीन, आणि ३२ मिमी सिस्टीम. ही सिस्टीम म्हणजे कपाटाच्या आतल्या बाजूला दिसणारी छोट्या भोकांची उभी रांग. भोक ५ मिमीचं, दोन भोकांतलं अंतर ३२ मिमी, आणि रांग पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर. बिजागरी, चॅनेल, शेल्फचे पिन, सगळं या एकाच मापात बसतं. दाराच्या आत लपणाऱ्या बिजागरीचा कप ३५ मिमीचा असतो. एकदा हे डोक्यात बसलं की वेगवेगळ्या कंपन्यांचं हार्डवेअर बसवताना तितकी भीती वाटत नाही.

नोंदणी अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर मोबाईलवरूनही होते. एक गोष्ट लक्षात ठेवा, "अप्रेंटिस" म्हणून ठेवतो म्हणणाऱ्याने पोर्टलवर करार केला नसेल तर ती अप्रेंटिसशिप नाही, ती स्वस्तातली मजुरी आहे.

## काम येतं, पण कागद नाही?

बऱ्याच घरांत वडील किंवा काका वर्षानुवर्षं सुतारकाम करतात आणि मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकलेला असतो. त्याला पुन्हा करवत धरायला शिकवण्यात अर्थ नाही. अशांसाठी रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, म्हणजे आरपीएल आहे. यात आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात. फर्निचर क्षेत्रासाठी फर्निचर अँड फिटिंग्ज स्किल कौन्सिल आहे, ती असे जॉब रोल आणि त्यांचे निकष ठरवते. स्किल इंडिया डिजिटल हब या ॲपवर नाव नोंदवून जवळचं केंद्र शोधता येतं.

दुसरी योजना पीएम विश्वकर्मा. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि त्यातल्या १८ पारंपरिक व्यवसायांत सुतार आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज, असं तिचं स्वरूप आहे. वय १८ पूर्ण हवं, कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवरून होते.

पण ही योजना आधीपासून स्वतः हे काम करणाऱ्यांसाठी आहे. लाकूडकामाशी काहीही संबंध नसताना फक्त व्हाउचरसाठी फॉर्म भरून देणारे एजंट फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. आणि पाच दिवसांत कोणी कारपेंटर होत नाही.

## मोबाईल इथे कुठे कामाला येतो?

आपली साइट टेक्नॉलॉजीची, म्हणून हा भाग टाळून चालणार नाही. आणि खरंच, आजच्या कारपेंटरच्या खिशातला फोन टेपइतकाच कामाचा आहे. फक्त तो कशासाठी वापरायचा आणि कशासाठी नाही, हे माहीत हवं.

फोनने माप घेऊ नका. कॅमेऱ्याने लांबी मोजणारी एआर ॲप्स आयफोनवर आहेत, अँड्रॉइडवरही मिळतात, पण गुगलने स्वतःचं मेझर ॲप २०२१ मध्येच बंद केलं. अशा मापात सहज सेंटीमीटरचा फरक पडतो. सोफा खोलीत मावेल का, एवढ्यासाठी ठीक. आपण वर १.६ मिमीवरून किती डोकेफोड केली ते आठवा. लेव्हलचं ॲपही जपून, कारण मागच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन फळीवर सपाट बसतच नाही. टेप आणि लेव्हल विकत घ्या. आणि हो, टेपच्या टोकाचा पत्रा थोडा हलतो म्हणून टेप खराब आहे असं समजून तो ठोकून घट्ट करू नका. तो मुद्दाम त्याच्या स्वतःच्या जाडीइतका सैल ठेवलेला असतो, म्हणजे बाहेरून अडकवून मापलं काय किंवा आत टेकवून मापलं काय, माप बरोबर येतं.

फोन चांगला कुठे आहे? कटलिस्टमध्ये. कटलिस्ट ऑप्टिमायझरसारख्या ॲपमध्ये शीटचं माप, कर्फ आणि तुकड्यांची मापं टाकली की कुठला तुकडा शीटवर कुठे बसवायचा याचा नकाशा मिळतो. लाकडाच्या रेषा उभ्या हव्यात की आडव्या, तेही सांगता येतं. मोठ्या कामात यामुळे एखाद-दुसरी शीट वाचू शकते. माझी सूचना एवढीच की पहिले दहा कटलिस्ट वहीत हाताने काढा आणि मग ॲपशी ताडून बघा. ॲप तुमची बेरीज तपासतं, पण सनमायक्याची जाडी धरली की नाही हे त्याला माहीत नसतं.

ड्रॉइंगसाठी स्केचअपची फ्री आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर मात्र त्रास होतो, आयटीआयच्या किंवा सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर शिकलेलं बरं. पूर्ण मोफत हवं तर फ्रीकॅड आहे, शिकायला जरा जड.

परीक्षेसाठी भारत स्किल्सच्या साइटवर अभ्यासक्रम आणि प्रश्नसंच मोफत आहेत. चेन्नईच्या निमी या संस्थेची पुस्तकं आयटीआयमध्ये वापरतात आणि तिचं मॉक टेस्टचं ॲपही आहे. यासाठी टेलिग्रामवर पैसे देऊन पीडीएफ घेणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

अजून एक ॲप प्रत्येकाकडे हवंच: बीआयएस केअर. प्लायवूडवर आयएसआय मार्कबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर छापलेला असतो. तो ॲपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं आहे आणि चालू आहे का ते दिसतं. साध्या प्लायसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे मानक. सिंकखालच्या बॉक्सला ७१० सांगून दुसरंच प्लाय लावलं तर ते फुगल्यावर गिऱ्हाईक दुकानदाराला फोन करत नाही, कारपेंटरला करतं.

## सीएनसी मशीन आल्यावर हे काम राहणार का?

हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. सीएनसी राउटर शीट अचूक कापतो, भोकं पाडतो, न थकता. फॅक्टरीतलं नुसतं कापण्याचं काम कमी होत जाणार, यात शंका नाही. त्यामुळे ज्याला फक्त सरळ कापता येतं त्याला अडचण आहे.

पण त्या मशीनला माप कोण देतं? जुन्या इमारतीतल्या स्वयंपाकघरात जाऊन बघा. भिंत ओळंब्यात नसते, फरशी लेव्हलमध्ये नसते, कोपरा गुण्यात नसतो. कोपरा तपासायची युक्ती सोपी आहे. एका भिंतीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर खूण करा, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात. ते ५ फूट २ सूत आलं, तर फॅक्टरीतून आलेला अचूक काटकोनी बॉक्स तिथे नीट बसणार नाही आणि फिलर पट्टी आधीच ठरवावी लागेल. हे ओळखणारा माणूस लागतोच.

म्हणून ज्याला हात आणि फाईल दोन्ही कळतात तो पुढे जाईल, असं मला वाटतं. प्रगत मशीनचं शिक्षण हवं असेल तर बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ वूड सायन्स अँड टेक्नॉलॉजीत प्रगत लाकूडकाम प्रशिक्षण केंद्र आहे. आयटीआय आणि थोड्या अनुभवानंतर त्याचा विचार करा, आधी नाही.

## बोटं आणि फुप्फुसं

रील्समध्ये टेबल सॉवर गार्ड नसतं, कारण गार्ड लावलं तर कट दिसत नाही. ते बघून शिकू नका. फिरत्या ब्लेडजवळ हातमोजे घालायचे नाहीत, मोज्याचा धागा अडकला तर हात आत ओढला जातो. अरुंद तुकडा पुश स्टिकने ढकलायचा. ब्लेडच्या मागे लाकूड आवळलं गेलं की ते उलटं तुमच्या अंगावर येतं, त्याला किकबॅक म्हणतात, म्हणून कटच्या रेषेत उभं राहायचं नाही. ब्लेड बदलताना स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढायचा.

भुशाचं तर कोणी बोलतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. एमडीएफची धूळ अगदी बारीक असते. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, एन-९५ मास्क वापरा. पहिल्या दिवशी मास्क लावला की साइटवरचे जुने लोक हसतात. हसू द्या.

## पैसे कसे ठरतात?

सुरुवातीला रोजंदारी. पुढे काम अंगावर घेतलं की वॉर्डरोबला बहुतेक ठिकाणी समोरच्या क्षेत्रफळावर दर लागतो. ७ फूट उंच आणि ६ फूट रुंद वॉर्डरोब म्हणजे ४२ स्क्वेअर फूट. किचनला अनेकदा रनिंग फूट. दर "मजुरीसह मटेरियल" की "फक्त मजुरी", हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ड्रॉवर, लोफ्ट, आतला सनमायका त्यात धरलाय का, तेही. भांडणं दरावरून कमी आणि "हे त्यात नव्हतं" यावरून जास्त होतात.

## परदेशात जायचं असेल तर

आखातात कारपेंटरला मागणी असते आणि फसवणूकही तिथेच जास्त. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल, असा प्रकार येतो. दहावी असेल तर ही पायरी लागत नाही. वर दहावीचा आग्रह धरला तो यासाठी. एजंट खरा आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीत बघा. नियमाप्रमाणे एजंट उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. लाखभर मागणारा नियम मोडतोय.

## फॉर्म भरताना

महाराष्ट्रात आयटीआयचे प्रवेश डीव्हीईटीच्या पोर्टलवरून होतात, साधारण दहावीच्या निकालाच्या आसपास. स्वतःचा मोबाईल नंबर द्या, कॅफेवाल्याचा नको, कारण ओटीपी आणि फेरीचे मेसेज त्यावरच येतात. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि लागू असेल तर जातीचा व नॉन क्रिमीलेयर दाखला आधीच स्कॅन करून फोनमध्ये ठेवा. दाखले काढायला वेळ लागतो, त्यामुळे ते मे महिन्यातच सुरू करा.

ऑनलाईन अर्ज भरला म्हणजे झालं नाही. तो निश्चित करावा लागतो आणि नंतर विकल्प, म्हणजे कुठली आयटीआय आणि कुठला व्यवसाय, हे पसंतीक्रमाने भरावं लागतं. इथे नीट विचार करा. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं, असा नियम गेली काही वर्षं आहे. त्यामुळे मित्राने इलेक्ट्रिशियन टाकलंय म्हणून तुम्हीही वर तेच टाकून कारपेंटर खाली ढकलू नका. जी कार्यशाळा प्रत्यक्ष बघून आलात आणि जिथे भुसा दिसला, तिचं नाव पहिल्या क्रमांकावर टाका.